घरखर्चातील धान्य आणि रोकड

(परतवाडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. घरातील अन्नखर्चाचा हिशेब हा मासिकांतील गृहिणींच्या सदराला शोभणारा विषय. राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात तो कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविताना माझाही अनुभव असाच होता. राष्ट्रीय उत्पन्न, चलनवाढ, परकीय व्यापार हे विषय विद्यार्थी गंभीरपणे ऐकत. घरखर्चाचा विषय निघाला की वर्गात हसू उमटे. परंतु मजुरी, शेतमालाचे भाव, रेशन आणि आरोग्य या चारही प्रश्नांची जेथे गाठ पडते ती जागा म्हणजे घरखर्चाची वही होय. ती वाचता आली नाही तर बाकीच्या तीन-चार प्रश्नांवरील आपली भाषणे हवेत राहतात.

या विषयावर गरिबांना उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावे, महिन्याचे सामान एकदम भरावे, पंधरा टक्के शिल्लक टाकावी, असे हे उपदेश असतात. ते चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरात पहिल्या तारखेला ठरावीक पगार येतो त्याला ते उपयोगीही पडतात. परंतु ज्या घरात आज काम मिळाले तर संध्याकाळी पैसा येतो, त्या घराने महिन्याचे सामान एकदम कशाने भरावे? ते घर पाव किलो डाळ, वीस रुपयांचे तेल आणि चहापत्तीची पुडी असेच विकत घेणार, आणि सुट्या मालाला किलोमागे अधिक दाम मोजणार. २०२०च्या टाळेबंदीत अचलपूरची फिनले मिल थांबली. ज्या घरांचा महिन्याचा पगार तेव्हा थांबला, त्यांचा महिन्याचा किराणाही थांबला. माणसे तीच राहिली, काटकसरीची सवयही तीच राहिली. बदलली ती मिळकतीची रीत. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावयास हवा, की अन्नखर्चाचा किती भाग खरोखर घराच्या हातात असतो?

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा मोठा. (हा एंगेल म्हणजे मार्क्सचा सहकारी एंगल्स नव्हे, हे येथे सांगितलेले बरे.) आपल्या देशातील राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे या नियमाला धरूनच आहेत. ग्रामीण भारतात अन्नावरील खर्चाचा वाटा १९९९-२००० मध्ये एकूण खर्चाच्या सुमारे ५९ टक्के होता. २०११-१२ मध्ये तो सुमारे ५३ टक्के झाला आणि २०२३-२४ मध्ये ४७ टक्क्यांवर आला. त्यातही तृणधान्यांचा वाटा तर १९९९-२००० मधील २२ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५ टक्क्यांच्या आत उतरला.

या आकड्यांवरून गरिबी हटल्याचा निष्कर्ष सहज काढला जातो. मिळकती वाढल्या आहेत, लोकांच्या खाण्यात विविधता आली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अन्नाचा वाटा दोन कारणांनी घटू शकतो. एक, मिळकत वाढली आणि पोट भरून पैसा उरू लागला. दुसरे, औषधोपचार, शिक्षण, प्रवास आणि कर्जाचे हप्ते यांनी इतकी जागा व्यापली की अन्नालाच आखडून बसावे लागले. सरासरीच्या आकड्यात ही दोन्ही घरे शेजारी शेजारी बसतात आणि सारखीच दिसतात. त्यांतील फरक पाहावयाचा तर घरात जावे लागते.

मजुराच्या घरातील खर्चाची रचना पाहा. बचत गटाचा किंवा खाजगी वित्तसंस्थेचा हप्ता ठरलेल्या वारी द्यावाच लागतो. तो चुकला तर वसुलीवाला दारात उभा राहतो. मुलांची बस, परीक्षेची फी, विजेचे बिल, भाड्याची खोली यांत तडजोड नाही. आजारपण आले तर ते विचारून येत नाही. या सगळ्या रकमा ठाम आहेत. वाकू शकते अशी एकच बाब घरात उरते, आणि ती म्हणजे अन्न. तेव्हा कात्री तेथेच लागते. तिचाही एक क्रम ठरलेला आहे. प्रथम फळ जाते, मग दूध चहापुरते उरते, मग वरण पातळ होते, मग भाजी आठवडी बाजाराच्या दिवसापुरती राहते, मग फोडणीचे तेल कमी होते. भाकर किंवा पोळी सर्वांत शेवटी कमी होते. पोट भरलेले असते, म्हणून बाहेरच्या माणसाला उपासमार दिसत नाही. आणि या सर्व क्रमाच्या टोकाला घरातील बाई असते. ती सर्वांच्या मागून जेवते आणि उरेल ते जेवते. अन्नखर्चातील तूट प्रथम तिच्या रक्तात उतरते, आणि मग तिच्या पोटातील मुलाच्या वजनात. आपल्या माथ्यावरील मेळघाटात १९९३ साली बालमृत्यूंचे भयंकर सत्य देशासमोर आले, तेव्हा ते एका वर्षाच्या टंचाईतून निर्माण झालेले नव्हते. वर्षानुवर्षे साचलेली ती तूट होती.

आता थोडे गणित करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दोन हजार कॅलरींच्या ताटासाठी माणशी दररोज २५० ग्रॅम तृणधान्य, ८५ ग्रॅम डाळी (अथवा अंडी-मांस), ३०० मिलिलिटर दूध, ४०० ग्रॅम भाजीपाला, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण आहे. हे ताट बैठे काम करणाऱ्याचे आहे. सोयाबीन सोंगणाऱ्या किंवा संत्र्याच्या पेट्या वाहणाऱ्या मजुराची गरज याहून अधिक असते, तरी आपण हेच धरू. चार माणसांच्या घराला महिन्याला ३० किलो धान्य, सुमारे १० किलो डाळ, ३६ लिटर दूध, ४८ किलो भाजी, १२ किलो फळे, ४ किलोंहून थोडे अधिक दाणे आणि सव्वातीन किलो तेल लागेल. यांपैकी २० किलो धान्य रेशनवर मोफत मिळते असे समजा. उरलेल्यासाठी मी हिशेबापुरते भाव गृहीत धरतो. आपण आपल्या बाजारातील घालावेत. धान्य ४० रुपये, डाळ १२०, दूध ६०, भाजी ४०, फळे ६०, दाणे १५० आणि तेल १५०. बेरीज सुमारे साडेसात हजार रुपये येते. यात साखर, चहा, मीठ, मिरची नाही. गॅसचे सिलिंडर नाही. पाहुणा नाही आणि सणही नाही.

दुसऱ्या बाजूला जमा पाहा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने महिन्यात २० दिवस काम मिळाले तर ६,२४० रुपये होतात. म्हणजे एकट्याच्या मजुरीत ते ताट बसत नाही. नवराबायको दोघांनाही वीस-वीस दिवस काम मिळाले तर १२,४८० रुपये, आणि त्यांतील साठ टक्के रक्कम ताटालाच लागते. उरलेल्या पाच हजारांत हप्ता, शाळा, दवाखाना, कपडा आणि छप्पर. वर्षाचे बाराही महिने वीस दिवस काम मिळत नाही, हे आपणांस मी सांगावयास नको. मग ताटातील कोणता पदार्थ कमी झाला असेल हे वही न उघडताही सांगता येईल.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. गरीब माणूस खर्रा आणि दारूवर पैसा उडवितो, लग्नात ऐपतीबाहेर खर्च करतो, असे म्हटले जाते. काही घरांत हे खरे आहे, आणि त्याची झळ बाईमुलांना बसते, म्हणून कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध स्पष्टपणे बोललेच पाहिजे. परंतु आपण वर मांडलेल्या हिशेबात खर्रा नव्हता, दारू नव्हती आणि लग्नही नव्हते. सीबोम राउंट्री या इंग्रज संशोधकाने १८९९ मध्ये यॉर्क शहराची पाहणी करताना हीच पद्धत वापरली. एक पैसाही वायफळ खर्च न करणारे कुटुंब त्याने कल्पिले आणि तशा कुटुंबालाही मजुरी पुरत नाही हे दाखविले. व्यसन सुटले तर घर नक्कीच सुधारते. पण मजुरीतील तूट केवळ त्याने भरून निघत नाही.

मित्रहो, अन्नाचा हा हिशेब घराची खाजगी बाब नाही, हे आपल्या देशात फार पूर्वी मान्य झालेले आहे. दादाभाई नौरोजींनी गेल्याच्या गेल्या शतकात तुरुंगातील कैद्याच्या शिध्याची किंमत काढली आणि सामान्य हिंदी माणसाचे उत्पन्न तेवढेही नाही, हे दाखवून दिले. १९२३ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने गिरणगावातील कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल काढला. कामगाराला मिळणारे धान्य दुष्काळी कामावरील शिध्याइतके, पण तुरुंगातील शिध्याहून कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगितले. सरकारपक्षाने तो आकडा पंधरा आणे असल्याचे म्हटले. तो वाद आण्यांचा असला तरी त्याचा गाभा एका घराच्या दिवसभराच्या शिध्याचाच होता. आणि २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात ग्रामीण भागासाठी दिवसाला २६ आणि शहरासाठी ३२ रुपयांची रेषा सांगितली, तेव्हा देशभर संताप उसळला तो याच कारणाने; त्या रकमेत काय शिजते हे प्रत्येक बाईला ठाऊक होते.

याहून महत्त्वाची गोष्ट १९५७ सालची आहे. पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे ठरवावे याचे निकष एकमताने स्वीकारले. कुटुंबात तीन उपभोग-एकके धरावीत, प्रत्येकासाठी डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे २,७०० कॅलरींचा आहार, वर्षाला माणशी १८ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ बाबींसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के रक्कम असावी, असे ते निकष होत. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यांत शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण इत्यादींसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. म्हणजे क्रम असा, की आधी ताट ठरावयाचे आणि त्यावरून मजुरी. व्यवहारात आपण तो उलटा केला आहे. मजुरी आधी ठरते आणि ताटाने तिच्यात मावावयाचे असते. त्या निकषांत पुरुषाचे एक एकक, स्त्रीचे ०.८ आणि दोन मुलांचे प्रत्येकी ०.६ धरले होते, हेही ध्यानात ठेवा. निंदणीची बाई दिवसभर वाकून काम करते. तिचे ताट ०.८ का असावे, हा प्रश्न आज आपण विचारला पाहिजे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. पूर्वी येथील सालदाराच्या करारात रोख रकमेबरोबर ज्वारी ठरलेली असे. ती पद्धत न्यायाची होती असे मुळीच नाही. तीत गुलामीचा अंश होता आणि कर्जाचा फासही होता. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट अशी होती, की ज्वारीचा भाव दुप्पट झाला तरी सालदाराच्या घरातील कणगी अर्धी होत नसे. भाववाढीचा धोका मालकाच्या अंगावर होता. मजुरी पूर्णपणे रुपयांत आली तसा हा धोका मजुराच्या घरात आला. पुढे वऱ्हाडाच्या शिवारातून ज्वारी हटत गेली आणि सोयाबीन पसरले. सोयाबीनने शेतकऱ्याला काही वर्षे रोख पैसा दिला. पण ते गिरणीत जाते, घरच्या भाकरीला येत नाही आणि कडब्याचीही सोय करीत नाही. मेळघाटात कोदो-कुटकीच्या बाबतीत थोडेबहुत असेच घडले. पिकविणारे घरच बाजाराचे गिऱ्हाईक बनले.

याचा अर्थ तुरीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या जवळ गेली. अकोला ही डाळीची मोठी पेठ, आणि तिच्या आसपासच्या मजुरांच्याच घरातून वरण नाहीसे झाले. त्या भावाकडे पाहून शेतकऱ्यांनी तूर पेरली, पीक चांगले आले, आणि २०१७ मध्ये बाजार समित्यांच्या आवारात पोती पडून राहिली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये, म्हणजे किलोला पन्नास रुपये होता. तोही अनेकांना मिळाला नाही. दीड वर्षाच्या अंतराने एकाच घराने डाळ घेताना मार खाल्ला आणि तूर विकताना पुन्हा मार खाल्ला. अशा घराला तुम्ही हिशेबाची कोणती शिस्त शिकविणार?

आणि म्हणूनच रेशनच्या प्रश्नाकडे नीट पाहावयास हवे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत आहे. या कायद्याचे मोठेपण असे, की हक्क किलोत लिहिला आहे. गव्हाचा भाव कितीही झाला तरी पाच किलो हे पाच किलोच राहतात.

आपल्या विभागात मात्र एक वेगळी गोष्ट घडली. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील, म्हणजे मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा येथील, दारिद्र्यरेषेवरील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना माणशी ५ किलो धान्य गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो या दराने देण्यास प्रारंभ केला. २०२२ मध्ये हा धान्यपुरवठा थांबला. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँक खात्यात देण्याचे ठरले. २०२४ मध्ये ती रक्कम १७० करण्यात आली. बदल लहान दिसतो. पण आता धान्याच्या जागी रक्कम आली आहे. १७० रुपयांत ५ किलो म्हणजे किलोला ३४ रुपये. बाजारभाव त्याच्या आत असेल तोवर ठीक. तो ४० झाला की पाच किलोंचे सव्वाचार किलो होतात, आणि कोणताही शासननिर्णय न निघता शिधा कापला जातो. त्या कपातीवर कोणाची सही नसते, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही.

रोख रकमेचे काही फायदे आहेत, ते मान्य करावेत. दुकानदाराची वजनातील चोरी टळते, निकृष्ट धान्य पदरात पडत नाही, आवडीचे घेता येते. ऑगस्ट २०२४ पासून बहिणींच्या खात्यात जमा होऊ लागलेल्या महिना १,५०० रुपयांमुळे कित्येक घरांत बाईच्या हातात प्रथमच स्वतःचा पैसा आला, हेही खरे आहे. माझा आक्षेप रोख रकमेला नाही; भावाशी न बांधलेल्या रकमेला आहे. सरकारी नोकरांच्या पगाराला महागाई भत्ता जोडलेला असतो, आणि त्यावर माझ्यासारख्यांचे निवृत्तिवेतनही वाढते. ज्याचा निम्म्याहून अधिक पैसा अन्नावर जातो, त्याच्या मदतीला मात्र तो जोडलेला नाही. ही विषमता अर्थशास्त्राच्या कोणत्याही तत्त्वाने समर्थनीय ठरत नाही.

मग आपण काय करावे? १९७२च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधी महिला समिती उभी केली, आणि मुंबईच्या बायका लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांच्या हातात आकडे होते, कारण तेलाचा, रव्याचा, साखरेचा भाव त्या रोज मोजीत होत्या. आज आपल्याकडे घोषणा आहेत, पण वह्या नाहीत. म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक शाखेने आपल्या गावातील किंवा वॉर्डातील वीस घरे निवडावीत; त्यांत शेतमजूर, लहान शेतकरी, मिलचा जुना कामगार, मेळघाटातून उतरलेले कोरकू कुटुंब आणि एकटी बाई असावी. त्यांच्या अन्नाचा महिनाभराचा हिशेब वर्षातून दोनदा लिहावा. एकदा पोळ्याच्या सुमारास, जेव्हा हातात पैसा नसतो, आणि एकदा सोयाबीन-कापूस घरी आल्यावर. रुपयांबरोबर किलो आणि लिटरही लिहावेत. काय उधार आणले, काय बंद केले आणि कोण शेवटी जेवले, हेही लिहावे. उपदेश करू नये. कोणाचे नाव बाहेर फोडू नये. आणि ज्या बाईने हिशेब सांगितला तिला बेरीज वाचून दाखवावी.

या वह्यांच्या आधारे चार मागण्या ठामपणे मांडता येतील. चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना धान्य की रोख हा पर्याय त्यांनाच द्यावा, आणि रोख असेल तर ती बाजारभावाशी बांधावी. रेशनवर ज्वारी, डाळ आणि तेल मिळावे. वऱ्हाडात हमीभावाने घेतलेली ज्वारी आणि तूर प्रथम वऱ्हाडाच्याच दुकानांतून वाटावी, म्हणजे पिकविणारा आणि खाणारा दोघांनाही आधार होईल. किमान वेतन १९५७च्या आणि १९९१च्या निकषांप्रमाणे ठरावे व त्याचा हिशेब जाहीर व्हावा. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या जेवणावरील तरतूद भाववाढीबरोबर आपोआप वाढावी.

यासाठी पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. तो आजही खर्च होतोच आहे. सरकार जो धोका उचलीत नाही, तो घरातील बाई आपले ताट लहान करून उचलते. फरक इतकाच, की तिच्या खर्चाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. ती नोंद करण्याचे काम पुढच्या पोळ्यापासून आपण हाती घ्यावे, एवढेच सांगून मी थांबतो.